फोर्टचं महत्त्व आणि फोर्टची ओढ: मुंबईच्या जुन्या व्यापारी केंद्राचा एक अभ्यास

नवी मुंबईत एका रेल्वे स्थानकाचं नावच ‘सीबीडी बेलापूर’ आहे. सीबीडी म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, शहराचं मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र. खाडीपलीकडे मुंबईचं जुळं शहर वसवावं ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. राज्य सरकारची मुख्य कचेरी तिकडे गेली की कंपन्या आपोआप मागून येतील, हा त्या कल्पनेचा कणा होता. १७ मार्च १९७० ला हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी क्षेत्राची जागा नकाशावर आखली गेली. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. बेलापूरला कचेऱ्या आल्या, वस्ती वाढली, पण मुंबईचं व्यापारी केंद्र खाडी ओलांडून गेलं नाही.

ज्या केंद्राला हलवायचा हा सगळा खटाटोप होता, त्या फोर्टला ‘सीबीडी’ असं कुणी म्हणत नाही. उपनगरातली माणसं ‘टाउनला जातो’ म्हणतात. जुन्या पिढीत ‘कोटात जाणं’ असायचं. उत्तरेला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिका, पूर्वेला बॅलार्ड इस्टेट आणि गोदी, दक्षिणेला काळा घोडा, पश्चिमेला मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंट, एवढी या अभ्यासाची हद्द मी धरली आहे.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात एक ठरलेला विषय असतो: शहराच्या मध्यवर्ती व्यापारी क्षेत्राचं महत्त्व आणि आकर्षकता तपासा. विद्यार्थी दोन्हींचं उत्तर एकच लिहितात. उंच इमारती आहेत, बँका आहेत, भाडी जास्त आहेत, म्हणून क्षेत्र महत्त्वाचं, आणि महत्त्वाचं म्हणून आकर्षक. माझ्या मते इथेच अभ्यास फसतो. महत्त्व मोजायचं ते ज्यांना तिथे यावंच लागतं त्यांच्यावरून. आकर्षकता, साध्या मराठीत ओढ, मोजायची ती ज्यांचं तिथे काही काम नसतानाही जे येतात त्यांच्यावरून. फोर्टच्या बाबतीत गेल्या तीस वर्षांत या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या झाल्या, म्हणून हे प्रकरण मला मोलाचं वाटतं.

कोट कसा पसरला

कोट म्हणजे खराखुरा तटबंदीचा किल्ला होता. त्याच्या तीन दरवाजांपैकी चर्चगेट रेल्वे स्थानकाच्या नावात उरलं आणि बाजारगेट रस्त्याच्या नावात. तिसरा दरवाजा अपोलो. १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजाराचा फुगा फुटला. तोवर तटाच्या जागी रस्ते आणि सरकारी इमारतींचे भूखंड मोकळे झाले होते. ओव्हल मैदानाच्या कडेला जुनं सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट ही रांग १८७० च्या दशकात उभी राहिली. टाउन हॉलसमोरचं गोल चक्कर, आजचं हॉर्निमन सर्कल, १८७२ मध्ये पुरं झालं. टाउन हॉलजवळच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली.

त्यानंतर पोर्ट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत बॅलार्ड इस्टेट उभारलं. जॉर्ज विटेटच्या आखणीतल्या त्या इमारती एका उंचीच्या, एका शिस्तीच्या आहेत. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली आणि १९३७ मध्ये तिचं मध्यवर्ती कार्यालय कायमचं मुंबईत आलं. देशाचा पैसा कुठे बसणार याचा निकाल तिथे लागला.

पश्चिमेकडचा तुकडा सर्वांत नवा. बॅकबेची भरणी १९२० च्या दशकात सुरू झाली आणि तिच्यातला गैरव्यवहार खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. पुढे त्याच भरणीवरच्या टोकाला त्यांचं नाव मिळालं. १९७० च्या दशकात तिथे मनोरे उभे राहिले. एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ ची.

म्हणजे हे केंद्र एका आराखड्यातून आलेलं नाही. किल्ला, कापसाचा पैसा, बंदर, समुद्रातली भरणी असे चार वेगवेगळ्या काळांचे थर शेजारीशेजारी पडले आहेत. पुढच्या मांडणीत हे लक्षात ठेवावं लागतं.

मोजपट्टी आणि तिच्या बाहेर राहिलेलं कोर्ट

मध्यवर्ती व्यापारी क्षेत्राची हद्द ठरवायची सर्वांत माहितीची पद्धत मर्फी आणि व्हान्स या अमेरिकी भूगोलतज्ज्ञांची, १९५४ ची. नऊ अमेरिकी शहरं अभ्यासून त्यांनी दोन निर्देशांक दिले. पहिला उंचीचा: गटातलं (चारी बाजूंनी रस्ते असलेल्या इमारतींच्या समूहातलं) व्यापारी वापराचं एकूण मजलाक्षेत्र भागिले तळमजल्याचं क्षेत्र, उत्तर १ किंवा जास्त हवं. दुसरा तीव्रतेचा: एकूण मजलाक्षेत्रापैकी व्यापारी वापर किती टक्के, तो ५० किंवा जास्त हवा. शिवाय असे गट शहरातल्या सर्वांत महागड्या चौकाभोवती एकमेकांना लागून हवेत.

फोर्टमधली एखादी चार मजली इमारत कल्पून पाहा. प्रत्येक मजला २०० चौरस मीटर. तळाला स्टेशनरीचं दुकान, पहिल्यावर बँकेची शाखा, दुसऱ्यावर वकिलांच्या खोल्या, तिसऱ्यावर एक जुनं पारशी कुटुंब. व्यापारी वापर ६०० चौरस मीटर. उंचीचा निर्देशांक ३, तीव्रता ७५ टक्के. इमारत दणक्यात पास.

आता तीच पट्टी हायकोर्टाला लावा. उत्तर शून्य. मंत्रालयाला लावा, शून्य. विद्यापीठ, महापालिका, शून्य. मर्फी–व्हान्सच्या यादीत सरकारी आणि सार्वजनिक वापर ‘व्यापारी’ धरलेला नाही. तो घरं, शाळा, चर्च, कारखाने यांच्याच रकान्यात जातो. नगरसभागृह किंवा मुख्य पोस्ट यांसारखी इमारत व्यापारी गटाला लागून असेल तर ती हद्दीत घ्यावी, अशी सवलत त्यांनी ठेवली. पण सवलतीने हद्दीत आलेली इमारत मोजणीत येत नाही. त्यात ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदानं मध्ये पसरलेली असल्यामुळे लागून असण्याची अट नेमकी फोर्ट आणि नरिमन पॉइंट यांच्या मध्ये तुटते. नियम अक्षरशः पाळला तर एका व्यापारी क्षेत्राचे दोन तुकडे पडतात.

अमेरिकी शहरासाठी ही पट्टी ठीक असेल. मुंबईत ती लावताना विद्यार्थ्यांना मी एक जादा काम देतो. हायकोर्टाच्या मागच्या गल्ल्यांत उभं राहा आणि कोर्ट नसतं तर इथलं काय काय नसतं, ते लिहून काढा. यादी लांबत जाते. वकिलांच्या चेंबर, टंकलेखक, झेरॉक्सवाले, नोटरी, कायद्याची पुस्तकं विकणारी दुकानं, काळे कोट शिवणारे शिंपी, सुनावणीला लांबून आलेल्यांसाठी लॉज, आणि या सगळ्यांना दुपारी खाऊ घालणारी खाऊ गल्ली. मंत्रालयाभोवतीही हीच गत. तालुक्याच्या गावाहून फाइल घेऊन आलेला माणूस मंत्रालयात दोन तास असतो आणि बाकीचा दिवस परिसरात. जेवतो, झेरॉक्स काढतो, नातेवाइकाला फोन करतो, जाताना मुलांसाठी काहीतरी घेतो. पट्टीने शून्य ठरवलेल्या इमारती आजूबाजूच्या शंभर दुकानांचं पोट भरतात. माझ्या दृष्टीने त्या या क्षेत्राच्या मुळाशी आहेत.

कोण गेलं, कोण उरलं

१९९० च्या दशकाच्या मध्याला नरिमन पॉइंटची कचेरी जगातल्या सर्वांत महाग जागांमध्ये गणली जात होती. उदारीकरणाने मागणी वाढवली होती आणि जागा वाढत नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहर भागासाठी (उपनगरं सोडून) चटईक्षेत्र निर्देशांक १.३३, म्हणजे १०० चौरस मीटरच्या भूखंडावर १३३ चौरस मीटर बांधकाम. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा जतनाचे नियम आले आणि फोर्टच्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायची वाट अरुंद झाली. ते नियम आले नसते तर दादाभाई नौरोजी रोडच्या कमानी आज फोटोतच बघाव्या लागल्या असत्या, हेही सांगायला हवं.

त्याच काळात बँकांचं काम बदललं. संगणक आले, शेकडो माणसं एकाच सलग मजल्यावर बसवायची गरज निर्माण झाली. फोर्टमधले मजले खांबांनी, जिन्यांनी, पोटमाळ्यांनी तुकडे झालेले. अशा वेळी वांद्रे–कुर्ला संकुल तयार होतं. दक्षिण मुंबईत कचेऱ्यांची आणखी गर्दी होऊ नये म्हणूनच ते आखलेलं होतं. १९७७ मध्ये एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, त्या ३७० हेक्टरांची विशेष नियोजन प्राधिकरण झाली. राष्ट्रीय शेअर बाजार तिथे गेला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी नरिमन पॉइंटहून तिथे गेली. हिरेबाजार ऑपेरा हाउसहून २०१० मध्ये तिथल्याच भारत डायमंड बोर्समध्ये गेला. गिरण्यांच्या जमिनीवर लोअर परळनेही आपला वाटा उचलला.

मोठे का गेले याची कारणं सगळे सांगतात. छोटे का राहिले, याकडे फारसं कुणी पाहत नाही. त्याचं मोठं कारण भाडेकायद्यात आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी जवळजवळ गोठली होती आणि जागा पागडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देऊन, हातोहात फिरत होत्या. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने बँका, सरकारी उपक्रम आणि १ कोटी किंवा अधिक वसूल भागभांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. छोट्या भाडेकरूचं ठेवलं. परिणाम उघड होता. बाजारभावाने भाडं भरायचंच असेल तर मोठी कंपनी नव्या काचेच्या इमारतीत भरेल. पण दुसऱ्या मजल्यावरचा वकील, जिन्याखालचा घड्याळजी, शिक्के करणारा, आयात-निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारा क्लिअरिंग एजंट यांना जुन्या भाड्यात राहता आलं. फोर्टमधली विविधता कुणी ठरवून जपलेली नाही. कायद्याच्या चाळणीने ती उरली. त्याच कायद्याखाली घरमालकाच्या हाती दुरुस्तीला पैसा येत नाही, जिने खचतात, गॅलऱ्यांना टेकू लागतात. ही किंमत रोज त्या जिन्यांवरून चढणारा माणूस मोजतो आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून फोर्टचं कौतुक करू नये.

बडे सगळेच गेले असंही नाही. रिझर्व्ह बँक फोर्टमध्येच आहे, शेअर बाजार दलाल स्ट्रीटवर, टाटा समूहाचं मुख्यालय बॉम्बे हाउस १९२४ पासून जागेवर, स्टेट बँक मादाम कामा रोडवर. मध्य आणि पश्चिम रेल्वेची मुख्यालयं इथेच. आकडेही एकाच दिशेचे नाहीत. २०१९ मध्ये वांद्रे–कुर्ला संकुलातला सुमारे १२,५०० चौरस मीटरचा भूखंड एका जपानी समूहाने २,२३८ कोटी रुपयांना भाडेपट्ट्यावर घेतला. सर्वांत महागडा चौक उत्तरेला सरकल्याची ती पावती वाटली. मग एअर इंडियाची रिकामी होत गेलेली इमारत १,६०१ कोटींना घ्यायचं राज्य सरकारने ठरवलं आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिली. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नरिमन पॉइंटला मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडून ४.१६ एकर जागा ३,४७२ कोटींना घेतली. दोन्ही खरेदीदार सार्वजनिक आहेत. अमेरिकी पट्टीत हे मजले शून्यच भरतील, आणि तरी माझ्या नजरेत या दशकातली फोर्ट–नरिमन पॉइंटची सर्वांत ठळक घटना हीच.

पायी चालून पाहिल्यावर

ओढ मोजायला पट्टी नाही. पाय आहेत. त्यासाठी आम्ही सकाळी, दुपारी, ऑफिसं सुटताना, रात्री नऊनंतर आणि रविवारी अशा पाच वेळा त्याच जागी उभे राहतो. किती माणसं गेली यापेक्षा कुठल्या बाजूला गेली, किती थांबली, कशाला थांबली, हे टिपतो.

चर्चगेटला सकाळी लोंढा एकाच दिशेने वाहतो. लोकल रिकामी होते, भुयारी मार्ग भरतो, नरिमन पॉइंटच्या शेअर टॅक्सीची रांग लागते. कोणी थांबत नाही. हे शुद्ध महत्त्व. दुपारी एक ते दोन चित्र पालटतं: माणसं दोन्ही बाजूंनी चालतात, उभी राहून खातात, फ्लोरा फाउंटनजवळ पदपथावर जुनी पुस्तकं चाळतात. संध्याकाळी लोंढा पुन्हा एका दिशेचा, पण आता त्यात गळती असते. कुणी फॅशन स्ट्रीटला वळतं, कुणी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर टेकतं.

रात्री नऊनंतर नरिमन पॉइंटच्या मनोऱ्यांमध्ये सामसूम होते. मोठे भूखंड, भोवती कुंपणं, तळमजल्याला दुकान नाही. तिथून शंभर पावलांवर समुद्राकाठी मात्र माणसं असतात. जी ओढ आहे ती समुद्राची. मनोऱ्यांनी तिच्यात काही भर घातलेली नाही. फोर्टच्या गल्ल्याही रात्री निजतात. वस्ती थोडी आहेच: कुलाब्यापासून फोर्टपर्यंतच्या ‘ए’ वॉर्डाची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २ लाख १० हजार होती, २०११ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार. दिवसा भरणारं आणि रात्री ओसरणारं केंद्र, हे पुस्तकातलं वर्णन इथे अगदी जुळतं.

रविवारी पुस्तक हरतं. ओव्हलवर एकाच वेळी किती सामने चालू आहेत हे मोजता येत नाही, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. काळा घोड्याला चित्रं बघायला लोक येतात. बदलापूर-विरारहून आलेली कुटुंबं टर्मिनससमोर उभी राहून फोटो काढतात. यांतल्या कुणाचंही फोर्टमध्ये काम नाही. २००४ मध्ये टर्मिनसला आणि २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, पण ही कुटुंबं त्याआधीपासून येत होती.

हे जमतं कारण इथे चालता येतं. टर्मिनस ते चर्चगेट पंधरा-वीस मिनिटांची चाल, आणि मोठा भाग कमानीखालून. दादाभाई नौरोजी रोडवर तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवण्याची सक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. जुलैत छत्री न उघडता तिथून जाताना त्या नियमाची किंमत कळते. शहर भागात रिक्षा येत नाही, त्यामुळे माणूस चालतोच, आणि चालणारा माणूस दुकानात शिरतो.

वांद्रे–कुर्ला संकुलात आम्ही हाच प्रयोग केला तेव्हा विद्यार्थी अर्ध्या तासात दमले. रस्ते रुंद, भूखंड अजस्र, वळायला गल्ली नाही. कितीतरी वर्षं वांद्रे किंवा कुर्ला स्थानकाबाहेर शेअर रिक्षासाठी झुंबड, हाच तिथल्या नोकरदाराच्या दिवसाचा पहिला अनुभव राहिला. अलीकडे मॉल आले, २०२३ मध्ये मोठं सांस्कृतिक केंद्र सुरू झालं, संध्याकाळी वर्दळ वाढली. पण ती वर्दळ दाराशी गाडीतून उतरते. दोन टपऱ्यांच्या मध्ये योगायोगाने भेटणारी माणसं तिथे अजून कमी दिसतात.

मेट्रो ३ ने या तुलनेत नवा अंक सुरू केला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे–कुर्ला संकुल आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पार कफ परेडपर्यंत ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका खुली झाली. हुतात्मा चौक, विधान भवन, चर्चगेट अशी स्थानकं फोर्टच्या पोटात आली. दोन्ही केंद्रं एका गाडीने जोडली गेली, तेव्हा कचेरी एकीकडे आणि संध्याकाळ दुसरीकडे घालवणं शक्य झालं.

कोर्ट निघालं आहे

यापुढची परीक्षा सर्वांत कठीण. १८७८ मध्ये पूर्ण झालेली हायकोर्टाची इमारत अपुरी पडते हे तिच्या व्हरांड्यांमधून एकदा फिरलं तरी पटतं. नव्या संकुलासाठी वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतली सुमारे ३० एकर जागा ठरली आणि २३ सप्टेंबर २०२४ ला तिथे भूमिपूजन झालं. न्यायदानासाठी ही जागा हवीच. त्याला विरोध करण्याचं कारण मला दिसत नाही. पण फोर्टच्या दृष्टीने बँका जाणं वेगळं आणि कोर्ट जाणं वेगळं. बँकेचा माणूस डबा आणायचा किंवा कँटीनमध्ये जेवायचा. कोर्टाची माणसं गल्लीत उतरतात. त्यांच्या दुपारच्या जेवणावर चालणारी दुकानंच रविवारच्या पाहुण्यालाही चहा देतात. यावंच लागणाऱ्यांनी उभी केलेली गल्ली न यावं लागणाऱ्यांना ओढते. पहिले गेले तर दुसऱ्यांसाठी ती गल्ली किती काळ उघडी राहील?

सेबी किंवा हिरेबाजार हलण्याआधी त्यांच्या जुन्या परिसराची मजल्यागणिक नोंद हाती असती तर या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं. कोर्टाच्या बाबतीत वेळ अजून हातात आहे. म्हणून पुढच्या तुकडीचं काम मी ठरवून टाकलं आहे. हायकोर्टापासून हुतात्मा चौकापर्यंत आणि मागे दलाल स्ट्रीटपर्यंत प्रत्येक जिना चढायचा, प्रत्येक पाटी लिहून घ्यायची, तळमजल्याच्या प्रत्येक दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा: तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोर्टाच्या कामासाठी आलेले किती? उत्तर अंदाजाचं असलं तरी चालेल. ते पावसाळ्यापूर्वी नकाशावर आलं पाहिजे, कारण भाडेकरार संपतात तशा पाट्या उतरतात, आणि उतरलेली पाटी परत वाचता येत नाही.